सक्तीचा जादा

'जादा' हा शब्द मी पहिल्यांदा वाचला तो एसटीच्या काचेवर. आमच्या माणदेशात जत्रेच्या दिवसांत डेपोतून वाढीव गाड्या सुटायच्या आणि त्यांच्या काचेवर खडूनं 'जादा' लिहिलेलं असायचं. नेहमीच्या गाडीला दांड्याला धरून लोंबकळायची पाळी यायची. जादा गाडी मात्र मोकळी असायची, खिडकीशी बसायला मिळायचं. त्यामुळं जादा म्हणजे न मागता पदरात पडलेलं काहीतरी चांगलं, हे डोक्यात पक्कं बसलं. आठवीत शाळा सुटली. पुढं फार शब्द शिकायला मिळाले नाहीत, पण जे शिकलो ते असे घट्ट. त्या घट्टपणापायी एकदा माझी नोकरी जायची वेळ आली होती, आणि त्याच्याचपायी मला जगातली एक मोठी गोष्ट कळली. ती अजून पुरती पचलेली नाही.

नव्वदच्या दशकातली हकिगत. नवी मुंबईत मी नवा नव्हतो, पण माझं म्हणावं असं तिथं काही नव्हतं. आमच्या भागातली पुष्कळ माणसं तुर्भ्याच्या मार्केटात पाठीवर पोती वाहायची, मीही आधी तेच केलं. पाठ धरली तेव्हा टेम्पोवर गेलो, तिथं गाडी शिकलो, आणि कुणाच्या तरी ओळखीनं नेरूळच्या एका चाचांकडं ड्रायव्हर म्हणून लागलो. चाचा उरणकडच्या खाडीकाठचे. तरुणपणी जहाजावर होते, नंतर पावणे गावात नायलॉनची दोरी वळायचा लहानसा कारखाना टाकला. डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला तसं त्यांना स्टिअरिंग सोडावं लागलं, म्हणून मी. त्यांनी मला शाळा विचारली नाही, जात विचारली नाही.

"बाला, ब्रेक हलू दाबतोस का जोरात?" एवढंच विचारलं.

"हळू," मी म्हणालो.

"मग उद्या ये."

अशा माणसाचे उपकार कसे फेडावेत याच काळजीत माझे दिवस जायचे. गावाकडं नुकसान झालं तर ते आपलं असायचं, आपण रडून मोकळे व्हायचो. इथं आपल्या हातून दुसऱ्याचं झालं तर? गाडी पुसायच्या आधी मी फडकं झटकायचो, पुन्हा झटकायचो, त्यात एखादा खडा राहिला तर रंगावर ओरखडा येईल म्हणून. पावण्याच्या खोलीत माझ्याबरोबर राहणारे हसायचे. "गाडी हाय का नवरी?" म्हणायचे.

नवरी कसली, गाडी चांगली वापरलेली होती. पांढरी, जड दारांची, उन्हाळ्यात तापणारी. आधी तिचा रेडिएटर गेला, मग क्लच गेला. एके दिवशी जेवताना चाची भडकल्या.

"ये गाडीच्या पोटात अजून किती घालनार तू? मानूस तरी ढेकर देतो."

चाचांनी हातातला घास खाली ठेवला. "बस. आता खिशातना एक पैसा नाय घालनार. लागला तर इकून टाकीन. कबूल."

"कबूल बोल्लास हां. मी ऐकलंय, आन यानंबी ऐकलंय." हा म्हणजे मी. किल्ली द्यायला दारात उभा होतो. मी मान हलवली, आणि हलवतानाच हिशेब लक्षात आला. गाडीला पुढचा खर्च निघाला की गाडी विकली जाणार. गाडी नाही तर ड्रायव्हर कशाला? पुन्हा तुर्भे, पुन्हा पाठीवर पोतं, आणि पाठ तर आधीच म्हणत होती की नको.

पुढचा खर्च निघाला तो पोत्यानंच.

चाचींना वर्षाच्या मसाल्याची मिरची घ्यायची होती म्हणून आम्ही मार्केटात गेलो. ते दोघं गाळ्यात भाव करत होते. मी गाडी एका कडेला लावून मागं आलो, डिकीत मिरचीला जागा करत होतो. शेजारी पोत्यांनी भरलेला ट्रक उभा होता. कडकन आवाज झाला, वाटलं टायर फुटला. वळून बघतो तर ट्रकची दोरी तुटलेली, आणि वरचं एक पोतं घसरून आमच्या बॉनेटवर बसलेलं. बसलेलंच म्हणायचं, एखादा जाड पाहुणा ओट्यावर बसावा तसं. बॉनेट खाली गेलं होतं, समोरच्या काचेचा चुरा झाला होता, आणि फाटलेल्या पोत्यातून धान्य आत सीटवर, गिअरपाशी, सगळीकडं ओतलं जात होतं. मूठभर हातात घेतलं. शाळू. आमच्याकडं पिकतो तोच टपोरा शाळू, रब्बीची ज्वारी. मनात म्हटलं, बाबा, इथवर मागं आलास व्हय?

ट्रकवाला हात जोडून उभा राहिला. तोही आमच्याच बाजूचा निघाला, बोलण्यावरून कळलं. चाचा आले. त्यांनी त्याला शिवी दिली नाही. तुटलेली दोरी हातात घेतली, डोळ्यांजवळ नेली, दोन बोटांत चोळली.

"सुंभ हाय," म्हणाले. "माझी नायलॉन असती तर तुटली नसती. जा बाबा, जा तू. इमा हाय आमचा."

इमा म्हणजे विमा. गाडीच्या पुढच्या कप्प्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत एक कागद असायचा, तेवढी माझी आणि विम्याची ओळख. पोलिसानं अडवलं तर दाखवायचा कागद, असंच मी समजत होतो. त्यातून काच येते, बॉनेट येतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी चाचांना घेऊन विम्याच्या कचेरीत गेलो. तिथल्या बाईंनी एक फॉर्म दिला, सर्व्हेअर येऊन बघेल म्हणाल्या, तोवर बॉनेटला आणि काचेला हात लावायचा नाही म्हणाल्या. एवढंच. कुणी केलं, का केलं, तुम्ही कुठं होता, काही नाही. मी खुर्चीच्या कडेवर बसलो होतो. बाहेर आल्यावर चाचांना विचारलं, "चाचा, झालं? एवढ्यात?"

"झाला ना. दर वर्साला भरतो ते कशाला?"

रात्रीपर्यंत थांबायचा धीर कुणाला होता? दुपारीच चाचांनी पॉलिसी माझ्यापुढं टाकली. "वाच. माझे डोले नाय लागत."

इंग्रजी अक्षरं मला येत होती, अर्थ येत नव्हता. एकेक अक्षर जुळवत मी खाली उतरत गेलो. एका ओळीत 'कंपल्सरी' लागलं. ते माहीत होतं. शाळेत कवायत कंपल्सरी असायची, म्हणजे सक्तीची. त्याच्यापुढं 'एक्सेस', आणि पुढं पाचशे रुपये. एक्सेस मला अडलं. समोरच्या घरातली मुलगी कॉलेजात जायची, तिची डिक्शनरी मागून आणली. बोट फिरवत शब्द काढला. अर्थ लिहिला होता: जादा.

काय सांगू. एसटीची ती मोकळी गाडीच डोळ्यांपुढं येऊन उभी राहिली.

"चाचा," मी म्हणालो, "नुकसान तर देणारच, आन् वर पाचशे जादा देणार. सक्तीनं. कंपनीला न्हाय म्हणता यायचं न्हाय."

चाचींचा हात परातीत होता. त्यांनी मान वर केली. "कंपनी काय तुझी मावशी लागते? जादा कशाला देईल?"

"धावपळ होती ना माणसाची, चाची. चहापाणी, येणंजाणं. त्याचं असल."

"वाचलास ना नीट?"

"डिक्शनरीत हाय," मी म्हणालो. डिक्शनरीपुढं चाचींचंही चालेना. मग हळूच म्हणाल्या, "तसा असंल तर मागची सीट शिवून घे. आतली स्प्रिंग टोचते मला. मी कवापासून बोलते, कोन ऐकतंय?"

चाचांनी हात उडवला, म्हणजे घे. पावण्याला मिस्त्रीच्या गॅरेजशेजारीच सीट शिवणारा होता. चाचींनी रेक्झिनचा रंग स्वतः निवडला. जांभळा. मी सीट काढून दिली, ती शिवूनही आली. आमची पांढरी गाडी पुढून फुटलेली आणि मागून नवीकोरी जांभळी, अशी सर्व्हेअरची वाट बघत गॅरेजात उभी राहिली.

सर्व्हेअर आला तेव्हा मी उत्तरं पाठ करून तयार होतो. गाडी कुठं लावली, का लावली, ट्रक दिसला नाही का. खांद्याला कॅमेरा लावलेला मध्यम वयाचा, किरकोळ माणूस. त्यानं पहिल्यांदा विचारलं, "कुणाला लागलं नाही ना?"

हा प्रश्न मी पाठ केलेल्यांत नव्हता. "न्हाय साहेब," एवढंच म्हणालो.

मग तो बॉनेटवरून हात फिरवू लागला, बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा. फोटो काढले. वाकून आत बघितलं. गिअरच्या फटीतला एक दाणा काढला, दातांखाली फोडला. "शाळू?"

"व्हय. आमच्याकडचाच."

"मी बार्शीचा," तो म्हणाला. तेवढ्यावर मला जरा धीर आला. त्याचं काम उरकत आलं तसं मी पॉलिसी पुढं केली आणि त्या ओळीवर बोट ठेवलं. "साहेब, हे जादाचे पाचशे कधी मिळत्यात?"

"कसले जादाचे?"

"हे. कंपल्सरी जादा."

त्यानं ओळ वाचली, माझ्याकडं बघितलं, पुन्हा ओळीकडं बघितलं. मग हसला, पण तोंडावर हसला नाही, बाजूला वळून हसला. "अहो, हे मिळायचे नाहीत. हे तुमचे कापायचे. जे काही बिल होईल त्यातले पहिले पाचशे मालकानं सोसायचे, राहिलेलं कंपनी देणार."

गॅरेजात पत्र्यावर हातोडा चालू होता तो मला ऐकू येईना. खिशातना एक पैसा नाय, लागला तर इकून टाकीन, कबूल. चाचांचं ते बोलणंच तेवढं ऐकू येत होतं. आणि मागं ती जांभळी सीट.

"मग त्याला जादा कशाला म्हणायचं?" मी विचारलं. आवाज रडवेला झाला असणार, कारण त्यानं हातातलं पॅड गाडीच्या टपावर ठेवलं आणि दाराजवळ बसला. दारावर धूळ होती. तिच्यात त्यानं बोटानं आडवी रेघ ओढली.

"ही पाचशेची रेघ. नुकसान या रेघेच्या खाली राहिलं, तर तुमचं तुम्ही बघा, आमच्याकडं येऊच नका. रेघेच्या वर गेलं, तर या पाचशेपेक्षा जादा जेवढं, तेवढं आम्ही देणार. तुम्ही वाचलं ते बरोबर आहे. जादाच. पण आमच्या बाजूनं बघून जादा."

"आन् रेघेखालचं?"

"मालकाचं. दर वेळी."

"असं का, साहेब?"

"सगळंच आम्ही भरलं तर गाडीची फिकीर कोण करेल? थोडं स्वतःचं जातंय म्हटलं की माणूस जपतो. आणि प्रत्येक ओरखड्याला मी बघायला यायचं, तर माझं येणंजाणंच ओरखड्याहून महाग पडायचं."

मला एक विचारायचंच होतं. "वरचं कंपनी कुठनं आणती?"

तो उठला, गुडघे झटकले. "तुमच्यासारख्यांकडूनच. नागपूरला कुणी भरतो, कोल्हापूरला कुणी भरतो, इथं तुमचे शेठ भरतात. सगळे थोडं थोडं भरतात. पोतं एखाद्यावरच पडतं. ज्याच्यावर पडलं त्याला मिळतं."

तो गेला. मी दारावरच्या रेघेकडं बघत उभा राहिलो. नागपूरला माझं कुणी नाही. मी नागपूर बघितलेलं नाही. तिथला कुणी माणूस, ज्याला शाळू माहीत असेल-नसेल, त्यानं आपल्या गाडीचे पैसे भरले आणि त्यातून इथं पावण्यात आमच्या गाडीची काच येणार. त्याला कधी कळणारही नाही. आणि त्याच्या गाडीवर झाड पडलं तर त्यात चाचांचे पैसे जाणार. ना सोयरा, ना भाऊबंद, ना गाववाला, आणि तरी एकमेकांना धरून उभे. घर सोडल्यापासून मला वाटायचं की ओळखीबाहेर माणसाला कुणी नाही. ओळखीनं खोली, ओळखीनं काम, ओळखीनं उधार चहा. आणि हे एवढं मोठं, बिनओळखीचं, कधीपासून चालू होतं, माझ्याच पुढच्या कप्प्यात, प्लॅस्टिकच्या पिशवीत.

तिथंच मला गावची बैलगाडी आठवली. आमच्याकडं लग्नाला, जत्रेला एकमेकांची गाडी मागून न्यायची रीत होती. वाटेत चाक मोडलं, आस मोडला, तर ते गाडीवाल्याचं; त्याबद्दल शब्द काढायचा नाही. पण चाक निसटू नये म्हणून घालतात ती लोखंडाची खीळ, आम्ही तिला कुणी म्हणतो, ती आणि वंगण, एवढं मात्र नेणाऱ्यानं घालायचं. मोडतोड होवो न होवो. लहानपणी मला ते चिक्कूपणाचं वाटायचं. एवढी गाडी देता आणि बोटभर वंगणाचं काय धरून बसता? आता कळलं. ज्यानं स्वतःच्या हातानं वंगण घातलंय तो बैल उधळू देत नाही.

कळलं खरं, पण घरी जाऊन सांगायचं होतं.

सांगितलं. उभ्यानंच, किल्ली हातात धरून. जादा मिळायचा नाही, आपलाच कापायचा आहे. चूक माझी आहे. सीटही माझ्याच सांगण्यावरून झाली. "पगारातनं कापून घ्या, चाचा. सगळं. पण गाडी विकू नका."

चाची तांदळाची भाकरी थापत होत्या. थापणं थांबलं. चाचा म्हणाले, "रेघ कशी काढली त्यानं? दाखव."

मी परातीजवळ बसलो आणि कोरड्या पिठात बोटानं रेघ ओढली. चाचा खाली वाकले. दिसत नव्हतं, म्हणून त्यांनी रेघेवरून बोट फिरवलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"ह्याच्या खालचा माझा?"

"व्हय."

"मी बोल्लो तरी कंपनी तो अंगावर घेनार नाय?"

"न्हाय. ते मालकाचंच."

चाचांनी बोटाचं पीठ झटकलं. "हे बरा हाय," म्हणाले. "स्टिअरिंग तुझ्याकडं. कागद कंपनीकडं. मी आपला बाजूला बसतो पोत्यासारखा. मला वाटायचा, ये गाडीत माझा आता काय रायलाय? एवढा रायलाय." आणि एकदम माझ्यावर उखडले. "आन तू पगारातना देतोस? माझ्या रेघेखालचा? तू मालक हायस काय रे?"

"न्हाय चाचा."

"मग गप बस."

"मालक," चाची म्हणाल्या. आम्ही दोघांनी तिकडं बघितलं. "मला कबूल केल्यालं त्याचा काय? खिशातना एक पैसा नाय."

चाचांचं तोंड शाळेतल्या पोरासारखं झालं. चाचींनी भाकरी तव्यावर टाकली, तिच्यावर पाणी फिरवलं, आणि त्या फिरवण्याइतका वेळ आम्हाला टांगून ठेवलं.

"खिशातना नको देऊ. कपाटातना दे," त्या म्हणाल्या. "कपाटाचा कबूल नव्हतास बोल्ला."

"आन सीट?" चाचांनी विचारलं.

"सीट माझी. त्यावर बसनार कोन? पन गाडी बरी झाली का पयला मला भयनीकडं न्यायची. करंजाड्याला. ती म्हनते तुमची गाडी भंगारात गेली. येवू दे तिला बघाया, जादाची सीट."

त्या सीटला शेवटपर्यंत आमच्यात 'जादाची सीट' हेच नाव राहिलं.

काच आली, बॉनेट सरळ झालं, रंग झाला. गाडी ताब्यात घ्यायच्या दिवशी मी माझ्या पैशानं वंगणाचा एक लहान डबा घेतला आणि चारी दारांच्या बिजागऱ्यांना, बॉनेटच्या बिजागरीला, डिकीला, सगळीकडं घातलं. मिस्त्री म्हणाला, "ये तो बिल में था ही नहीं." मी म्हणालो, "हां, हे बिलात न्हाय."

करंजाड्याला निघालो तेव्हा चाचा पुढं, चाची मागं जांभळ्या रेक्झिनवर, मांडीवर खाऊचा डबा. त्यावेळी करंजाडं गावच होतं, पनवेलच्या पुढं शेतं लागायची. हायवेला आलो तर दोन्ही बाजूंनी गाड्याच गाड्या. एरवी मी गाड्या बघायचो ते कुठली आपल्याला घासेल या धास्तीनं. त्या दिवशी प्रत्येक नंबरप्लेटकडं बघत होतो. पुण्याची, नाशिकची, एखादी लांबची. ह्यातल्या कुणाकुणाचे पैसे आमच्या समोरच्या काचेत होते कुणास ठाऊक. त्याच काचेतून मी त्यांना बघत होतो. वाऱ्याची जाळी उघडली तर आतून शाळूचा एक दाणा उडून चाचांच्या मांडीवर पडला. त्यांनी तो चाचपला, तोंडात टाकला.

मागून एक टेम्पो हॉर्न मारत पुढं निघून गेला. मग एक रिक्षा गेली.

"बाला," चाची मागून म्हणाल्या, "रिक्षा पुढं जाते आपल्या. एवढी हलू का चालवतोस?"

"चाची," मी म्हणालो, "पहिले पाचशे आपले हायत."